वहिवाटीचा प्रश्न : सामायिक संहिता, त्रयस्थ साधने आणि वाचकाचा हक्क

१

'वाचकाची सत्ता' हा शब्दप्रयोग गेल्या काही दशकांत आपल्या समीक्षाव्यवहारात चांगलाच रुळला आहे. रोलाँ बार्थ यांनी १९६७ मध्ये लेखकाच्या मृत्यूची घोषणा केली आणि संहितेला एकसंधपणा लाभतो तो तिच्या उगमापाशी नव्हे, तर ती जेथे पोचते त्या वाचकापाशी, असे प्रतिपादन केले. स्टॅन्ली फिश यांनी १९८० मध्ये या विचाराला वेगळे वळण दिले. अर्थ एकट्या वाचकाचाही नसतो, तो अर्थनिर्णायक समुदायाच्या संकेतांतून सिद्ध होतो, अशी त्यांची मांडणी होती. या दोन्ही मांडण्यांनी आपल्याला बरेच काही दिले. मात्र दोहोंनी एक प्रश्न विचारलाच नाही : हा समुदाय जेथे बसून वाचतो ती जागा कोणाची? ज्या साधनाने वाचतो, ते कोणाच्या परवानगीने चालते? फिशच्या समुदायाला जणू छप्पर लागत नाही आणि त्याच्यापुढे भाड्याची पावतीही कधी येत नाही.

प्रश्न विचारला गेला नाही याचे कारण उघड आहे. पोथी नकलून घेतली, ग्रंथ विकत घेतला, की तो वाचकाच्या हातात येई. तो कोणत्या प्रकाशात, कोणत्या चष्म्यातून, मोठ्याने की मनात वाचावा, हे प्रकाशक ठरवीत नसे. संहिता पडद्यावर आली आणि ही स्थिती पालटली. आता संहितेबरोबर तिच्यापर्यंत पोचण्याची वाटही कोणाच्या तरी मालकीची असते.

एम. ए.च्या वर्गात वाचककेंद्री समीक्षा शिकवीत असताना एका विद्यार्थ्याने हा मुद्दा माझ्यापुढे अगदी वेगळ्या भाषेत ठेवला. वर्गातील बरीच मुले शिरूर आणि दौंड तालुक्यांतील शेतकरी घरांतली. रेडिट या अमेरिकन चर्चास्थळावर २०२३ मध्ये झालेल्या निषेधाचे उदाहरण मी देत होते. तो म्हणाला, "मॅडम, रान त्यांचं आहे. त्यांनी वाट बंद केली, तर आपण बोलायचं काय?" त्या वेळी मी दिलेले उत्तर माझे मलाच समाधानकारक वाटले नाही. प्रस्तुत लेख म्हणजे तेच उत्तर अधिक नीटपणे देण्याचा प्रयत्न आहे.

२

प्रथम घटना पाहू. रेडिट २००५ मध्ये सुरू झाले. त्यावरील जवळजवळ सर्व मजकूर वाचकांनीच लिहिलेला असतो. हजारो विषयसमूहांची निगा मॉडरेटर म्हणून काम करणारे वाचकच विनावेतन राखतात. कंपनीने २००८ पासून एपीआय, म्हणजे एका संगणकप्रणालीने दुसरीकडून मजकूर मागून घेण्याची नियमबद्ध वाट, बाहेरच्यांसाठी खुली ठेवली होती. त्या वाटेने अनेकांनी रेडिट वाचण्याची आपापली ॲप तयार केली. शब्द तेच राहिले. मांडणी, अक्षरे आणि हाताळणी निराळी झाली. कंपनीचे स्वतःचे अधिकृत मोबाइल ॲप २०१६ मध्ये आले. तोवर मोबाइलवरील वाचकांची पिढी या त्रयस्थ साधनांवरच वाढली होती.

एप्रिल २०२३ मध्ये ही वाट सशुल्क होणार असे कंपनीने जाहीर केले. मेअखेर दर कळला : दर हजार मागण्यांना २४ सेंट. 'अपोलो' या लोकप्रिय ॲपचे कर्ते ख्रिश्चन सेलिग यांनी हिशेब मांडला. त्यांना वर्षाकाठी सुमारे २ कोटी डॉलर भरावे लागणार होते, आणि आकारणी १ जुलैपासून, म्हणजे महिन्याभरातच सुरू होणार होती. १२ जून रोजी आठ हजारांहून अधिक समूहांनी आपली दारे दोन दिवसांसाठी बंद केली. काहींनी ती पुढेही बंदच ठेवली. कंपनी बधली नाही. ३० जूनला अपोलो बंद झाले, इतरही अनेक ॲप बंद झाली. बंद राहिलेल्या समूहांच्या मॉडरेटरांना, दारे उघडा अन्यथा तुम्हाला बदलले जाईल, असे सांगण्यात आले.

कंपनीची बाजू पोकळ नव्हती. यंत्रणा चालविण्याचा खर्च तिच्यावर पडत होता आणि ती तेव्हा नफ्यात नव्हती. त्रयस्थ ॲपमध्ये तिच्या जाहिराती दिसत नसत, उलट त्यांतील काही ॲप स्वतः वर्गणी घेत. शिवाय कृत्रिम बुद्धिमत्तेच्या भाषाप्रतिमानांसाठी मोठ्या कंपन्या हा सारा मजकूर फुकट उचलत आहेत, हा तिचा आक्षेप खरा होता. पण याच आक्षेपातून पुढे काय झाले तेही पाहिले पाहिजे. २०२४ मध्ये रेडिटने गूगल आणि ओपनएआय यांच्याशी मजकूर पुरविण्याचे करार केले आणि त्याच वर्षी मार्चमध्ये तिचे समभाग बाजारात आले. फुकट उचलण्याला हरकत होती, उचलण्याला नव्हती. ज्यांनी तो मजकूर लिहिला, त्यांचे नाव या हिशेबात कोठेच नव्हते.

३

या वादात कंपनीचे प्रमुख स्टीव्ह हफमन यांनी मॉडरेटरांना परंपरागत जमीनदारांची उपमा दिली. जे आधी आले ते जागा धरून बसतात आणि ती आपल्या मर्जीतल्यांकडे सोपवितात, असा त्यांचा आशय होता. मराठी वाचकाला या उपमेपाशी थांबणे भाग आहे, कारण जमिनीवरील हक्काचे किती सूक्ष्म प्रकार असू शकतात हे आपली भाषा जाणते. पेशवाईतील गावगाड्यात मिरासदार आणि उपरी असा भेद होता. मिरासदार सारा भरीत आहे तोवर त्याला जमिनीवरून हलविता येत नसे; तो परागंदा झाला तरी त्याच्या वारसाला परतून मिरास मागता येई. उपरी मात्र कराराने कसणारा. करार संपला की त्याचा जमिनीशी संबंधही संपे.

या कसोटीवर मॉडरेटर कोण ठरतात? ते आधी आले आणि कोणी त्यांना निवडून दिले नाही, एवढा हफमन यांच्या म्हणण्यातील अंश खरा आहे. परंतु ज्याला एका नोटिशीने काढता येते तो जमीनदार कसला? तो फार तर गावकीची कामे अंगावर घेतलेला उपरी. बाकीचे वाचक तर केवळ उपरीच. मिरास एकाच पक्षाकडे होती, आणि त्याच पक्षाने दुसऱ्यावर मिरासदारीचा आरोप केला. सत्तेच्या भाषेत असा उलटफेर नवा नाही. समीक्षकाने तो नोंदविला पाहिजे एवढेच.

मग 'कसेल त्याची जमीन' हे तत्त्व येथे लावावे काय? १९४८ च्या कूळकायद्याने आणि १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनाने महाराष्ट्रात श्रमाला मालकीचे रूप दिले. त्यामागे लॉकपासून चालत आलेला एक युक्तिवादही उभा करता येतो : निसर्गदत्त वस्तूत माणूस आपले श्रम मिसळतो, म्हणून ती त्याची होते. संवादाच्या बाबतीत मात्र हे तत्त्व अडखळते. जमीन वाटून घेता येते, सर्व्हे नंबर पाडता येतात. संवादातील प्रत्येक वाक्य मात्र दुसऱ्या कोणाच्या तरी वाक्याचे उत्तर असते. ते उपटून नेले तर नेणाऱ्याच्या हाती अर्धे वाक्य येते आणि मागे भगदाड राहते. निषेधाच्या काळात काही वाचकांनी आपले जुने लेखन खरोखरच पुसून टाकले. त्यांचा संताप समजण्यासारखा होता. पण एखाद्या आजाराविषयी, यंत्राच्या बिघाडाविषयी वर्षांपूर्वी विचारलेला प्रश्न तसाच उरला आणि त्याखालचे उत्तर गेले. तोटा कंपनीचा कमी, पुढे येणाऱ्या अनोळखी वाचकाचा अधिक झाला. म्हणजे श्रमातून हक्क निर्माण होतो, पण तो मालकीचा नसतो. मग तो कोणता?

४

उत्तर विद्यार्थ्याच्याच शब्दांत होते : वाट. शिरूर-दौंडकडच्या मुलांना बांध, शीव, पाणंद आणि शेतरस्ता यांचे तंटे पुस्तकातून शिकवावे लागत नाहीत. रान एकाचे असते, पण त्यातून पलीकडच्याची वहिवाट असते. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यानुसार उघडपणे, शांततेने, हक्क म्हणून आणि अखंड वीस वर्षे वापरलेली वाट वापरणाऱ्याचा अधिकार बनते. १९०६ च्या मामलेदार न्यायालयांविषयीच्या कायद्याखाली वाटेतील अडथळा दूर करण्याचा आदेश तहसीलदार देऊ शकतो. या संकल्पनेतील नैतिक सूक्ष्मता लक्षात घेण्याजोगी आहे. वहिवाट मालकी हिरावून घेत नाही. रान मालकाचेच राहते, पीकही त्याचेच. तो फक्त वाट मोडू शकत नाही. आणि चालणाऱ्यालाही बंधन असते : त्याने वाटेने जावे, पिकात शिरू नये.

येथे एक आक्षेप संभवतो. मालकाच्या परवानगीने केलेला वापर कितीही वर्षे चालला तरी त्यातून कायदेशीर वहिवाट निर्माण होत नाही. आणि रेडिटची वाट तर परवानगीचीच होती, शिवाय पंधराच वर्षांची. हा आक्षेप कायद्याच्या पातळीवर निर्णायक आहे. नैतिक पातळीवर तो तसा नाही. परवानगी देणाऱ्याने त्या वाटेच्या भरवशावर इतरांना घरे बांधू दिली असतील, त्या घरांमुळे त्याच्या रानाची किंमत वाढली असेल, तर 'मी केवळ परवानगी दिली होती' एवढे म्हणून तो मोकळा होत नाही. त्याला शुल्क घेता येईल. वाजवी मुदत देऊन वाट हलविताही येईल. जे शुल्क कोणी भरू शकणार नाही असे आणि महिन्याच्या आत मागितले जाते, ते मात्र शुल्क राहत नाही. ती किंमतीचे नाव घेतलेली बंदी असते. कंपनीचा नैतिक दोष दर लावण्यात नव्हता, या नाव बदलण्यात होता.

वाट आणि संहिता यांतील हा भेद आपल्या परंपरेला अपरिचित नाही. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ च्या सुमारास, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि पुढे कोणी तीत पदरची ओवी मिसळू नये असा इशारा दिला. हा निर्बंधच होता, आणि कडक होता. पण तो संहितेवरचा निर्बंध होता, वाचनावरचा नव्हता. ओवी कोणी कीर्तनात घ्यावी, कोणी पारायणात म्हणावी, कोणत्या चालीत म्हणावी, निरूपण करणाऱ्याने कोणता दृष्टान्त द्यावा, यावर एकनाथांनी कुलूप घातले नाही. कीर्तनकार हा खऱ्या अर्थाने त्रयस्थ : संहिता त्याची नाही, श्रोतेही त्याचे नाहीत, पण त्याच्याविना निरक्षर श्रोत्यापर्यंत ग्रंथ पोचत नाही. मराठीत 'त्रयस्थ' म्हणजे अलिप्त, तटस्थ. वाचनव्यवहारातला हा तिसरा मात्र अलिप्त नसतो. वाचकाची अडचण ओळखून तो वाट रुंद करतो.

याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण दृष्टिहीन वाचकांचे. रेडिटच्या अधिकृत ॲपमध्ये पडदावाचक यंत्रणेने वाचणाऱ्यांच्या सोयी अपुऱ्या होत्या. त्या त्रयस्थ ॲपनी पुरविल्या होत्या. दृष्टिहीनांच्या समूहाने हा मुद्दा लावून धरला, आणि 'रेडरीडर', 'डिस्टोपिया' व 'लूना' यांसारख्या बिनव्यापारी ॲपना कंपनीने शुल्कातून सूट दिली. निषेधाला जे थोडे यश आले ते येथे, आणि ते योगायोगाने आले नाही. येथे मागणी सवयीच्या सोयीची नव्हती. वाट मोडली तर काही माणसे संहितेपासून पूर्णपणे तुटणार होती. वहिवाटीच्या कायद्यातही जेथे दुसरी वाटच नाही तेथे गरजेचा हक्क स्वतंत्रपणे मानला जातो.

५

आता निषेध करणाऱ्यांच्या पद्धतीचा विचार केला पाहिजे, कारण आपली सहानुभूती त्यांच्याकडे असली म्हणून तो टाळणे योग्य नव्हे. १ जून २०१७ रोजी पुणतांब्यातून शेतकऱ्यांचा संप सुरू झाला तेव्हा रस्त्यावर दूध ओतले गेले. त्याविषयी मतभेद झाले. तरी ज्याने स्वतःचे दूध ओतले त्याने निदान स्वतःचे ओतले होते. वादग्रस्त ठरले ते दुसऱ्याचा टँकर अडविणे. समूहाला कुलूप लावणारा मॉडरेटर यांपैकी कोण? तो स्वतःचे श्रम थांबवीत होता, हे खरे. पण त्याचबरोबर इतरांनी लिहिलेले सारे तो झाकतही होता. काही समूहांनी आधी मते घेतली, काहींनी घेतली नाहीत. जेथे मते घेतली गेली तेथे तो संप होता. जेथे घेतली नाहीत तेथे वाट मोडणाऱ्याविरुद्ध लढणाऱ्याने स्वतःच वाटेत काटे टाकले, असे म्हणावे लागते. वहिवाटीचे तत्त्व मालकाला जसे बांधते तसे वाटाड्यालाही बांधते. एरवी हफमन यांची जमीनदाराची उपमा आपणच खरी करून देऊ.

६

वहिवाट मागणे, ती मोडली तर दाद मागणे, हा एक मार्ग झाला. अल्बर्ट हिर्शमन यांनी १९७० मध्ये ऱ्हासाला लागलेल्या संस्थेविषयीच्या माणसांच्या प्रतिसादांचे जे विवेचन केले त्यात आवाज उठविणे आणि निघून जाणे हे दोन मुख्य मार्ग आहेत. निघून जाण्याची शक्यता खरी असेल तरच आवाजाला वजन येते. रेडिटच्या वाचकांना जायला जागा जवळजवळ नव्हती. काही 'लेमी'सारख्या विकेंद्रित स्थळांकडे गेले, बहुसंख्य परतले. मराठी वाचकांनीही हे अनुभवले आहे. २०१४ मध्ये ऑर्कुट बंद झाले तेव्हा तेथील मराठी समूहांतील गप्पा आणि कविता त्या घराबरोबरच गेल्या. निघून जाण्यासाठी आधी स्वतःचे साधन हवे.

अशा साधनाची एक मोठी गोष्ट दौंड तालुक्यातच घडली आहे. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती सदनात राहून बायबलचे मराठी भाषांतर केले. मराठीत बायबल नव्हते असे नाही. प्रचलित भाषांतर होते. पण त्याची संस्कृतप्रचुर भाषा सामान्य स्त्रीपर्यंत पोचत नाही, आणि तीतील अनेक शब्द मूळ आशयाला भलतीकडे नेतात, असे त्यांचे मत होते. त्या केवळ तक्रार करून थांबल्या नाहीत. उतारवयात त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि मूळ संहितेकडे थेट गेल्या. छपाई केडगावच्याच छापखान्यात झाली. ज्यांना कुटुंबाने आणि दुष्काळाने रस्त्यावर आणले होते अशा स्त्रियांनी खिळे जुळविले. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंचे निधन झाले; संपूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये प्रसिद्ध झाला.

या घटनेचा आपल्या प्रश्नाशी संबंध केवळ स्थलसाहचर्याचा नाही. रमाबाईंनी एका सामायिक संहितेकडे जाणारी दुसरी वाट काढली, आणि त्या वाटेचे साधनही परक्याच्या हातात ठेवले नाही. भाषा, लिपीचे खिळे, यंत्र आणि यंत्र चालविणारे हात, सारे एका आवारात होते. मात्र त्यातून जे साधले त्याची मर्यादाही प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. चर्चच्या रोजच्या वापरात बायबल सोसायटीचे भाषांतरच राहिले. स्वतःची वाट काढली म्हणजे लोक तिने चालतीलच असे नाही. तरीही त्या भाषांतराचे अस्तित्व एक गोष्ट सिद्ध करते : प्रचलित वाट ही एकमेव वाट आहे, हा दावा त्यानंतर कोणाला करता येत नाही.

भीमेच्या उत्तरेला, शिरूर तालुक्यातील पाबळ येथे, डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. खेड्यातील मुलांनी काम करता करता शिकावे आणि लागणारी साधने स्वतः घडवावीत, हे त्यामागचे सूत्र. एमआयटीच्या पुढाकाराने जगभर पसरलेल्या फॅब लॅब या खुल्या कार्यशाळांपैकी अमेरिकेबाहेरच्या अगदी पहिल्यांतली एक २००२ मध्ये याच दुष्काळी टापूत आली. साहित्याच्या अभ्यासकाला येथे काय घ्यावयाचे, असे कोणी विचारील. मला वाटते, घेण्यासारखे हे की साधन उघडून पाहता येणे, दुरुस्त करता येणे आणि आपल्या गरजेप्रमाणे बदलता येणे, हा केवळ यंत्रशाळेचा विषय नाही. वाचन हीदेखील साधनाश्रित क्रिया आहे, आणि जे साधन उघडता येत नाही त्याने वाचणारा वाचक दुसऱ्याच्या दिव्यात वाचीत असतो.

७

तर त्या विद्यार्थ्याला आज मी असे सांगेन. रान त्यांचे आहे, हे मान्य. पण त्या रानात पेरले आपण, राखण आपण केली, आणि वाट आपल्या पायांनी पडली. त्यामुळे रान आपले होत नाही. वाट मात्र केवळ त्यांची राहत नाही. मालकाने मोबदला मागावा, मुदत द्यावी, विचारावे. त्याने वाट मोडू नये. आपणही ती वाट मागून येणाऱ्यासाठी राखावी, रागाच्या भरात नांगरू नये. आणि ज्याच्याजवळ दुसरी वाट नाही, त्याचा हक्क सर्वांच्या आधी मानावा.

हे सांगितल्यावर तो बहुधा विचारील, "आणि ऐकलं नाही तर?" शेतरस्त्यासाठी तहसीलदाराचे दार तरी आहे, वाचनाच्या वाटेसाठी असे दार आज कोठेही नाही. वाचकाच्या सत्तेचा सिद्धान्त शिकविताना हे न सांगणे म्हणजे विद्यार्थ्याला अर्धीच गोष्ट सांगणे होय. उरलेली अर्धी केडगावच्या छापखान्याची आहे. ती मी आता त्याच तासाला शिकविते.